जहाजाच्या केबिनमधला प्लग पॉइंट

क्रूझवर निघालेली माणसे कपड्यांची, औषधांची आणि खाऊची यादी महिनाभर आधीपासून करतात. पण केबिनमध्ये वीज किती दाबाची आहे, तिथे आपली पिन बसते का आणि सोबत घेतलेला एक्स्टेंशन बोर्ड जहाजावर नेऊ देतील का, हे प्रश्न बहुतेकांना पहिल्या रात्री मोबाइलची बॅटरी उतरल्यावरच पडतात. माझी सारी नोकरी वीज वितरणाच्या क्षेत्रात अभियंता म्हणून झाली, आणि निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत जाणे झाले तेव्हा तिच्या कुटुंबाबरोबर जहाजाने फिरण्याचा योगही आला. त्यामुळे नात्यात किंवा सोसायटीत कोणाचे बुकिंग झाले की अडॅप्टर कोणता घ्यायचा हे विचारणारा फोन मला हमखास येतो. फोनवर घाईघाईत जे सांगून होत नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या मते हा प्रश्न सोयीचा कमी आणि सुरक्षिततेचा अधिक आहे.

सिएटलहून अलास्काकडे जाणाऱ्या ज्या जहाजावर आम्ही होतो, त्याच्या केबिनमध्ये पलंगाच्या समोरच्या भिंतीला आरसा आणि त्याखाली एक अरुंद मेज होते. वापरता येतील असे सगळे सॉकेट त्या मेजावरच होते. त्यांपैकी दोन अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे दोन उभ्या चपट्या फटी आणि खाली अर्थिंगचे एक छिद्र असलेले, सुमारे ११० ते १२० व्होल्टचे. आणि त्यांच्या शेजारी एक युरोपीय पद्धतीचा, भिंतीत गोल खळगा असून तळाशी दोन गोल छिद्रे असलेला, २२० ते २३० व्होल्टचा. अमेरिकी आणि युरोपीय प्रवाशांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या जहाजांवर ही जोडी सर्रास आढळते. नव्या जहाजांवर पलंगाच्या दोन्ही बाजूंना यूएसबीची छिद्रेही असतात. जुन्या जहाजांवर मात्र एकदोन सॉकेटांवरच सगळ्यांनी भागवायचे असते.

आपल्याकडच्या वस्तूंच्या दृष्टीने ही व्यवस्था वाटते तितकी परकी नाही. मोबाइलच्या भारतीय चार्जरला दोन बारीक गोल पिना असतात आणि त्या युरोपीय सॉकेटमध्ये कोणत्याही अडॅप्टरशिवाय बसतात. अडचण येते ती चार्जरच्या अंगाची. खळगा गोल आणि खोल असल्यामुळे ज्या चार्जरचा चौकोनी ठोकळा रुंद आहे तो आत शिरतच नाही, पिना अर्ध्याच टेकतात, आणि चार्जिंग चालू होते, बंद होते, पुन्हा चालू होते. असा अर्धवट टेकलेला प्लग तसाच ठेवून झोपणे योग्य नाही, कारण सैल जोडातच उष्णता साचते. खळग्यात नीट बसणारा, पुढे निमुळता असलेला चार्जर निवडावा किंवा युरोपीय पिनेचा एक छोटा अडॅप्टर जवळ ठेवावा. लॅपटॉपची आपली त्रिकोणी मांडणीची थ्री-पिन मात्र दोन्हींपैकी कोणत्याच सॉकेटमध्ये जात नाही.

इथे माझा आग्रहाचा सल्ला असा की लॅपटॉपसाठी अडॅप्टर घेण्यापेक्षा वायरच बदलावी. चार्जरच्या काळ्या डबीपासून भिंतीपर्यंत जाणारी वायर बहुधा सुटी निघते. डबीच्या बाजूला तिचे तोंड तीन पाकळ्यांसारखे असते आणि हे तोंड जगभर सारखेच आहे. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अमेरिकी किंवा युरोपीय पिनेची अशी वायर मिळते. तिने अर्थिंगची तार अखंड राहते, मध्ये एक जोड कमी होतो आणि भिंतीवर वजनही लोंबकळत नाही. विमानतळावर मिळणारा सर्व देशांच्या पिना पोटात असलेला ठोकळा मला जहाजासाठी पसंत नाही. तो जड असतो, युरोपीय खळग्यात पूर्ण जात नाही, आणि अमेरिकी उभ्या फटींमध्ये लावला की स्वतःच्या भाराने पुढे झुकतो. जहाजाला इंजिनांची एक बारीक थरथर सतत असते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट बसवलेला ठोकळा सकाळपर्यंत सैल झालेला असतो. शिवाय अशा बऱ्याच ठोकळ्यांत अर्थिंग पुढे जातच नाही.

पिन बसली म्हणजे वस्तू चालेल असे नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. विजेचा दाब तो बदलत नाही. वस्तूच्या मागच्या बारीक अक्षरांत 'इनपुट' या शब्दापुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल तर ती दोन्ही सॉकेटांवर निर्धास्तपणे चालते. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजचे जवळजवळ सर्व चार्जर असेच असतात. नुसते २३० किंवा नुसते १२० लिहिलेले असेल तर थांबावे. केस वाळवायचे किंवा सरळ करायचे यंत्र हे याचे नेहमीचे उदाहरण. त्यात तापणारी तार असते आणि तिची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपले २३० व्होल्टचे १,२०० वॅटचे यंत्र ११५ व्होल्टवर लावले तर ते चौथ्या हिश्श्याने, म्हणजे ३०० वॅटनेच तापेल. केस वाळणार नाहीत, पण नुकसानही होणार नाही. उलट अमेरिकेत राहणाऱ्या लेकीसुनांनी तिकडचे १२० व्होल्टचे यंत्र अडॅप्टर लावून २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातले, तर त्यात साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओतली जाते आणि ते काही क्षणांत जळते. एकाच केबिनमध्ये भारतातले आणि अमेरिकेतले नातेवाईक असतात आणि वस्तूंची देवाणघेवाण चालते, तेव्हा हा धोका खरा असतो. केस वाळवण्याचे यंत्र केबिनच्या खणात किंवा न्हाणीघरात बहुतेक जहाजांवर असतेच. घरचे नेऊच नये.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या घरातल्या स्पाइक गार्डचा, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर बसवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाचा, क्रूझ कंपन्यांना एवढा तिटकारा का? अनेकांना वाटते की कंपन्या उगाच अडवणूक करतात. कारण विजेच्या रचनेत आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

घरी आपल्याकडे येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल ही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे जमिनीच्या तुलनेत तिच्यावर जवळजवळ दाब नसतो. फेजची तार कुठे कपाटाला किंवा ओल्या भिंतीला टेकली की प्रवाह अर्थिंगमधून परत वाहतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो, आणि दोष लगेच कळतो. जहाजाला जमीन नाही. आहे ते पोलादी अंग. बोटीच्या अंगाचाच परतीची तार म्हणून वापर करायला १,६०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचे माप) आणि त्याहून मोठ्या जहाजांवर 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार मनाई आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा हा करार टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये प्रथम झाला आणि आज त्याची १९७४ ची आवृत्ती, वेळोवेळीच्या सुधारणांसह, लागू आहे. अनेक जहाजांवर वीजवितरणाची कोणतीच तार जहाजाच्या अंगाला जोडलेली नसते. अशा ठिकाणी दोन्ही तारांवर अंगाच्या तुलनेत दाब असतो. घरचा टेस्टर जिथे एकाच छिद्रात पेटतो, तिथे जहाजावरच्या २२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो दोन्ही छिद्रांत पेटू शकतो.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. एक तार कुठे अंगाला टेकली तरी प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही, म्हणून पुरवठा बंद पडत नाही. भर समुद्रात सुकाणू, पंप किंवा दिवे एका साध्या दोषापायी अचानक बंद पडणे परवडणारे नसते. मात्र तो पहिला दोष लपून राहू नये म्हणून अशा वितरणात तारांच्या इन्सुलेशनवर सतत लक्ष ठेवणारे आणि ते घसरल्यास आवाजाने किंवा दिव्याने इशारा देणारे उपकरण असलेच पाहिजे, अशी सोलासची अट आहे. ज्या क्षेत्रात मी काम केले तिथे अर्थिंग म्हणजे संरक्षणाचा पाया. हीच गोष्ट वगळून सुरक्षितता साधणारी ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

आता या रचनेत आपला स्पाइक गार्ड लावून पाहा. त्याच्या पोटात व्हॅरिस्टर नावाचे छोटे गोल घटक असतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते वाहू लागतात आणि जादा वीज अर्थिंगकडे, म्हणजे जहाजावर त्याच्या पोलादी अंगाकडे, वळवतात. जहाजावर दुसरीकडे कुठे, अगदी दहा मजले खाली मुदपाकखान्यात, एक तार अंगाला टेकली, तर उरलेल्या तारेवर अंगाच्या तुलनेत पूर्ण दाब येतो आणि दोष सापडेपर्यंत तासन्‌तास राहतो. व्हॅरिस्टर क्षणभराच्या लाटेसाठी बनवलेला असतो; सततच्या दाबाने तो तापतो, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात, पलंगाखालच्या सतरंजीवर, पेट घेऊ शकतो. त्यात भर म्हणजे अशा बोर्डाचे बटण आणि फ्यूज बहुधा एकाच तारेवर असतात. ते तुटले तरी दुसरी तार चालूच राहते, आणि दोषातून प्रवाह वाहतच राहू शकतो. ही केवळ कागदावरची भीती नाही. एका जहाजावर केबिनमध्ये अशा बाजारी स्पाइक गार्डांमुळे दोन वेगवेगळ्या आगी लागल्यानंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याविषयी खास सुरक्षा सूचना काढली होती.

साध्या, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नसलेल्या बोर्डाबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतही असतात. रॉयल कॅरिबियनने २०२४ मध्ये बहुप्लगांचे बोर्डच निषिद्ध यादीत घातले. म्हणून मागच्या वर्षी मावसबहिणीने नेला होता तो चालला, यावर विसंबू नये. आपल्या जहाजाची चालू वर्षाची निषिद्ध वस्तूंची यादी वाचावी. अनेक सॉकेटांऐवजी अनेक यूएसबी तोंडे असलेला एकच चांगला चार्जर नेला तर चार माणसांच्या कुटुंबाचे भागते आणि बहुतेक कंपन्यांची त्याला हरकत नसते. सामान चढवताना प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते. निषिद्ध वस्तू दिसली की ती बॅग केबिनच्या दारी येत नाही, सुरक्षा कक्षात जाऊन उघडून दाखवावी लागते, आणि वस्तू सफर संपेपर्यंत जमा राहते. रात्रीच्या जेवणाचे कपडे त्याच बॅगेत असतील तर पहिली संध्याकाळ वाया जाते.

आपल्या लोकांच्या बॅगेतून जे सर्वाधिक निघते ते म्हणजे चहाची विजेची किटली, इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड. तिन्ही वस्तूंवर बंदी आहे आणि ती योग्य आहे. २३ मार्च २००६ च्या पहाटे कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली. ती विजेमुळे लागलेली नव्हती, बहुधा कोणी टाकलेल्या सिगारेटमुळे लागली असावी असे तपासात निघाले. तरी ती पाहता पाहता वरच्या मजल्यांवर पसरली आणि धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. बाहेरून अग्निशामक दलाची गाडी येणार नाही, आणि हजारो माणसांना उतरायला जागा नाही, अशा ठिकाणी केबिनमधली तापणारी प्रत्येक वस्तू ही शेजारच्या केबिनमध्ये झोपलेल्या अनोळखी माणसाच्याही जिवाशी जोडलेली असते. पहाटेच्या चहासाठी चांगला थर्मास न्यावा. उकळते पाणी बुफेच्या मजल्यावर जवळजवळ दिवसभर मिळते आणि सांगितल्यास स्टुअर्ड केबिनमध्येही आणून देतो. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठीही हीच सोय पुरते. इस्त्री हवीच असेल तर काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि तिथे ती ठेवलेली असते.

ज्यांना रात्री श्वासासाठी सीपॅप यंत्र लावावे लागते, त्यांच्यासाठी मात्र हा सारा विषय ऐच्छिक राहत नाही. माझ्या यजमानांना ते लागते. यंत्राचा वीजपुरवठा १००–२४० व्होल्टचा आहे, त्यामुळे दाबाची काळजी नव्हती. काळजी होती अंतराची. सॉकेट मेजावर, उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि यंत्राची वायर जेमतेम मेजापासून पलंगाच्या पायथ्यापर्यंत पोचणारी. लेकीने बुकिंगनंतर लगेच कंपनीच्या विशेष साहाय्य विभागाला लिहून ठेवले होते. आम्ही केबिनमध्ये पोचलो तेव्हा पलंगावर जहाजाची स्वतःची एक्स्टेंशन वायर गुंडाळून ठेवलेली होती, तिच्यावर जहाजाच्या विद्युत विभागाची तपासणीची चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि यंत्रातल्या ओलाव्याच्या टाकीसाठी ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅनही होता. केबिन सांभाळणाऱ्या फिलिपिनो तरुणाने ती वायर मेजाच्या मागून, भिंतीच्या कडेने आणि पलंगाच्या मागून अशी नेली की रात्री न्हाणीघराकडे जाताना पाय अडकू नये. पलंग थोडा पुढे ओढून त्याने मागच्या फटीतून टोक वर काढले आणि यजमानांना झोपून हात पोचतो का हे करून पाहायला लावले. घरून नेलेल्या कोणत्याही बोर्डापेक्षा ही व्यवस्था चांगली होती. म्हणून सीपॅप, ऑक्सिजनचे यंत्र किंवा चार्जिंगची चाकांची खुर्ची असेल तर आधी लेखी कळवावे, उत्तराची प्रत जवळ ठेवावी, आणि ऐनवेळी जहाजावर मागू असे म्हणू नये. जहाजावरच्या वायरी मोजक्याच असतात.

दाराजवळच्या खाचेत केबिनचे कार्ड घातल्याशिवाय दिवे न लागणारी जहाजे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी कार्ड काढले की दिव्यांबरोबर मेजावरचे सॉकेटही बंद होतात, आणि बाहेर जाताना चार्जिंगला लावलेला कॅमेरा परत आल्यावर तसाच रिकामा सापडतो. पहिल्याच दिवशी कार्ड काढून कोणते सॉकेट चालू राहतात हे पाहून घ्यावे. इन्सुलिनसारखी औषधे ठेवायची असतील तर केबिनमधला छोटा फ्रीज कार्ड काढल्यावरही चालू राहतो का, आणि तो पुरेसा थंड होतो का, हे स्टुअर्डला स्पष्ट विचारावे. अनेक केबिनमधले फ्रीज पेये गार ठेवण्यापुरतेच असतात. शंका असेल तर औषधे जहाजाच्या दवाखान्यात ठेवण्याची सोय मागता येते.

न्हाणीघरात आरशाजवळ दाढीच्या यंत्राचे चिन्ह असलेला एक सॉकेट दिसतो. त्याच्या मागे मुख्य पुरवठ्यापासून वेगळे करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून ओल्या जागेतही तो सुरक्षित. पण त्याची क्षमता अगदी थोडी असते. विजेचा टूथब्रश, दाढीचे यंत्र एवढेच तिथे लावावे. लॅपटॉप किंवा मोठा चार्जर लावल्यास तो बंद पडतो.

किनाऱ्यावर उतरताना पॉवर बँक उपयोगी पडते आणि जहाजावर तिला मनाई नसते. विमानात मात्र ती हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपर्यंतच बिनपरवानगी चालते. बाजारातली २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे त्या मर्यादेत बसते.

अलास्काच्या वाटेवर ज्युनो बंदर लागते. जहाजाने आपली इंजिने बंद करून किनाऱ्यावरून वीज घेण्याची सोय क्रूझ जहाजांसाठी प्रथम याच बंदरात, २००१ मध्ये झाली, आणि ती वीज तिथल्या जलविद्युत केंद्रांची आहे. धक्क्यावरून जहाजाच्या पोटात शिरणारे जाड केबल पाहत मी बराच वेळ कठड्याशी उभी होते. धक्क्यावर धूर सोडत उभे राहण्याऐवजी डोंगरातल्या पाण्यावर जहाजाचे दिवे चालावेत, हे काम मला मनापासून आवडते, आणि मुंबईच्या धक्क्यावरही ते व्हावे असे वाटते.

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजाचे बुकिंग केलेल्यांसाठी एक गोष्ट. जहाज भारतीय बंदरातून सुटते म्हणून भिंतीवर भारतीय सॉकेट असेल असे गृहीत धरू नये. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या सफरी ज्या 'एम्प्रेस' जहाजावर सुरू झाल्या, ते १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत अमेरिकी बाजारपेठेसाठी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलेले आहे. जहाजाचे सॉकेट ते आज कुठे फिरते यापेक्षा ते मुळात कोणासाठी बांधले गेले यावरून ठरतात, आणि नंतरच्या नूतनीकरणात बदलतात. बुकिंग करणाऱ्याला आपल्याच केबिनच्या प्रकारात कोणते सॉकेट आहेत हे नेमके विचारावे. इंग्लंडमधल्या नातेवाइकांबरोबर साउथॅम्प्टनहून निघणार असाल तर ब्रिटिश प्रवाशांसाठीच्या जहाजांवर चौकोनी तीन पिनांचे सॉकेटही आढळतात. त्यांत वरच्या छिद्रात पेन किंवा चमच्याची दांडी घालून झडप उघडायची आणि आपली टू-पिन दाबून बसवायची, हा प्रकार मी शिकल्यासवरलेल्या लोकांना करताना पाहिला आहे. ती झडप लहान मुलांची बोटे आणि धातूच्या वस्तू आत जाऊ नयेत म्हणूनच असते. शंभर रुपयांच्या आसपासच्या अडॅप्टरसाठी हा धोका पत्करू नये.

सफरीच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या पहाटेपूर्वीच खाली जातात. त्या वेळी फोन मात्र चार्जिंगलाच असतो. चार्जर, अडॅप्टर, वायरी आणि सीपॅप यांची जागा म्हणूनच सुरुवातीपासून हातातल्या पिशवीत ठरवावी. जहाजाने दिलेली एक्स्टेंशन वायर पलंगावर गुंडाळून ठेवावी आणि स्टुअर्डला तसे सांगावे, म्हणजे त्याच दुपारी चढणाऱ्या दुसऱ्या कोणा सीपॅपवाल्या प्रवाशाला ती वेळेवर मिळेल.